मांडव उतरल्यानंतरचे प्रदर्शन



तालुक्याच्या ठिकाणी कृषी प्रदर्शन भरले की त्याचा अहवाल लिहावा लागतो. दालने किती होती, शेतकरी किती येऊन गेले आणि उद्घाटनास कोण उपस्थित होते, हे तीन रकाने भरले म्हणजे प्रदर्शन यशस्वी झाले असे आपण समजतो. काही वर्षांपूर्वी असा एक अहवाल मी स्वतः लिहिला आहे, व तो लिहिताना मला समाधानही वाटले होते. मांडव प्रशस्त होता, दालने शंभराच्या वर होती, आणि रात्रीच्या करमणुकीच्या कार्यक्रमास तर पाय ठेवावयास जागा नव्हती.

त्यानंतर दीड महिन्याने मी एका गावी पीक पाहणीस गेलो. एका वयोवृद्ध शेतकऱ्याने घरातून एक बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. आमच्या प्रदर्शनातील एका दालनातून त्यांनी ती विकत घेतली होती. बाटलीवर डोलणाऱ्या पिकाचे रंगीत चित्र होते. परंतु आत कोणते द्रव्य आहे, किती प्रमाणात आहे आणि ते कोणी नोंदविले आहे, यांपैकी एकही गोष्ट छापलेली नव्हती. गव्हास युरियाचा दुसरा हप्ता देण्याऐवजी त्यांनी हे टॉनिक फवारले होते, आणि गहू पिवळा पडला होता. मी विचारले, "काका, काही चौकशी न करता कसे घेतले?" ते म्हणाले, "साहेब, सरकारच्या मांडवात भेटलं म्हणून घेतलं."

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. आमच्या अहवालात ते काका 'भेट देणारे शेतकरी' म्हणून मोजले गेले होते. म्हणजे ज्या प्रदर्शनाने त्यांचे नुकसान केले, त्याच प्रदर्शनाच्या यशात त्यांची गणना झाली होती. तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की, प्रदर्शनाचे यश मांडवात मोजता येत नाही. मांडव उतरल्यानंतर शेतकऱ्याच्या शेतात काय बदलले, एवढ्यावरूनच ते ठरते. आणि ही कसोटी एकदा मान्य केली म्हणजे प्रदर्शनाची आखणी, त्याचा प्रचार व त्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी वेगळ्या रीतीने कराव्या लागतात.

मेळा आणि प्रात्यक्षिक

मोठ्या प्रदर्शनांना माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. १९५९ च्या डिसेंबरात नवी दिल्ली येथे जागतिक कृषी मेळा भरला होता. भारत कृषक समाजाचे संस्थापक डॉ. पंजाबराव देशमुख यांचा त्यामागे पुढाकार होता, आणि ११ डिसेंबर रोजी उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. जगातील शेती कोठवर गेली आहे हे आपल्या शेतकऱ्यास डोळ्यांनी पाहावयास मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पुढे १९६५-६६ व १९६६-६७ या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांत देशाला परदेशी धान्यावर विसंबावे लागले. त्याच सुमारास नव्या बुटक्या गव्हाने शेतकऱ्याचा विश्वास मिळविला, तो शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतांवर घेतलेल्या राष्ट्रीय प्रात्यक्षिकांच्या द्वारे. शेजाऱ्याच्या वावरात, त्याच मातीत आणि त्याच पाण्यावर उभे राहिलेले पीक पाहिल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही.

मेळा डोळे उघडतो. मन वळते ते प्रात्यक्षिकाने. म्हणून ज्या प्रदर्शनात प्रात्यक्षिकाचा अंश अधिक, ते प्रदर्शन अधिक उपयोगी. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर जानेवारीत भरणाऱ्या प्रदर्शनात शेतकऱ्यास उभी पिके पाहावयास मिळतात, ती याच विचाराने. अशा प्रदर्शनाची तयारी मांडव घालण्याच्या दिवशी नव्हे, तर काही महिने आधी पेरणीच्या दिवशी सुरू होते. तालुक्याच्या प्रदर्शनास एवढे साधन नसते हे खरे. परंतु त्यातील तत्त्व अंगीकारण्यास फार पैसा लागत नाही.

एक प्रश्न निवडावा

आखणीची पहिली पायरी म्हणजे या प्रदर्शनाने तालुक्यातील कोणता एक प्रश्न हाती घ्यावयाचा, हे ठरविणे. ठिबकपासून मधुमक्षिकापालनापर्यंत सर्व काही एका मांडवात दाखविले, तर शेतकरी सर्व काही पाहतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर त्याच हंगामात अमलात आणता येईल. प्रदर्शनाची तारीखही त्या प्रश्नावरूनच ठरावी. पाहुण्यांच्या सोयीवरून नव्हे. कापसाच्या तालुक्यात गुलाबी बोंडअळीचा प्रश्न घ्यावयाचा, तर डिसेंबरचा आरंभ योग्य. फरदड ठेवावी की पऱ्हाटी उपटावी, याचा निर्णय शेतकरी त्याच दिवसांत करीत असतो. तोच विषय फेब्रुवारीत सांगितला, तर वेळ निघून गेलेली असते.

मराठवाड्यातील सोयाबीनच्या तालुक्यात आम्ही बियाण्याच्या उगवणीचा प्रश्न घेतला. त्याचे कारण सर्वांच्या स्मरणात असेल. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला, बियाण्याची प्रत घसरली, आणि २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याच्यावर ओढवते त्यालाच ठाऊक. बियाणे, खत व मजुरी यांचा दुसऱ्यांदा खर्च होतो, हंगामाचे दिवस जातात, आणि पुष्कळदा त्यासाठी उसनवारी करावी लागते. हे संकट टाळण्याचा पहिला उपाय मात्र जवळजवळ फुकट आहे. एक गोणपाट, थोडे पाणी आणि आठवडाभराचा धीर, एवढेच त्याला लागते.

शंभर दाण्यांचे निमंत्रण

प्रदर्शनाचा प्रचार म्हणजे चौकात फलक लावणे, असा आपला समज झाला आहे. फलकावरील छायाचित्रे पाहून शेतकऱ्यास एवढेच कळते की कोणी तरी मोठी माणसे येणार आहेत. त्यात आपल्या कामाचे काय आहे, हे त्याला कळत नाही.

आम्ही निमंत्रण म्हणून कागदाची एक रिकामी पुडी दिली. गावपातळीवरील सहकाऱ्यांनी ती आठवडी बाजारात, ग्रामसभेत व बचत गटांच्या बैठकीत वाटली. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आणि व्हॉट्सॲपच्या गटांवरून एकच निरोप गेला, तो म्हणजे पेरणीसाठी ठेवलेल्या सोयाबीनचे शंभर दाणे द्या. पुडीवर वाण, काढणीचे वर्ष व साठवणीची रीत लिहावयाची होती. दाणे वेचून चांगले तेवढे द्यावयाचे नव्हते. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठभर घेऊन, ते एकत्र मिसळून, त्यांतून सरसकट शंभर मोजावयाचे होते. निवडलेल्या दाण्यांची परीक्षा म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

प्रदर्शनापूर्वी आठवडाभर आलेल्या पुड्यांची चाचणी मांडवाच्या जागीच लावली. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वर दुसरे ओले गोणपाट, मग त्याची हलकी गुंडाळी करून ती सावलीत ठेवावयाची व ओल राखावयाची. सहा ते सात दिवसांनी सशक्त कोंब मोजले म्हणजे शेकडा प्रमाण हाती येते. उद्घाटनाच्या दिवशी या गुंडाळ्या शेतकऱ्यांच्या समक्ष उघडल्या. प्रत्येक गुंडाळीवर गावाचे नाव व पुडीचा क्रमांक होता. शेतकऱ्याचे नाव मात्र हेतुपुरस्सर लिहिले नव्हते. बियाणे कमी उगवले म्हणून चारचौघांत कोणाची मान खाली जाऊ नये. ज्याचा क्रमांक त्यालाच ठाऊक.

गर्दी कशी जमवावी, हा प्रश्न त्या दिवशी पडला नाही. आपल्या घरच्या बियाण्याचे काय झाले हे पाहावयास माणूस स्वतःहून येतो.

मांडणी साधी, क्रम पक्का

दालनांची संख्या आम्ही वीसच ठेवली. परंतु त्यांचा क्रम शेतीच्या कामाच्या क्रमाने लावला. प्रथम उगवण चाचणी. दुसऱ्या ठिकाणी बियाण्याचे प्रमाण. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, आणि त्या हिशेबाने एकरी ३० किलो बियाणे पुरते. उगवण ७० च्या खाली जितके टक्के असेल, तितके अर्धे किलो बियाणे वाढवावे. ६४ टक्के उगवण आली, तर एकरी ३३ किलो. उगवण ६० टक्क्यांच्याही खाली गेली, तर ते बियाणे पेरणीस वापरू नये. हा हिशेब आम्ही मोठ्या पाटीवर खडूने मांडला, व प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या आकड्यावरून तो तेथेच करावा असे पाहिले.

तिसऱ्या ठिकाणी बीजप्रक्रिया. येथे भाषण नव्हते. घमेल्यात प्रत्यक्ष बियाणे घेऊन आधी बुरशीनाशक चोळणे, ते सावलीत सुकविणे व पेरणीच्या तोंडाशी जिवाणू खत लावणे, हे काम येणाऱ्या शेतकऱ्यांकडूनच करविले. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. जोराने चोळले तर ते सुटते. हे हाताला कळावे लागते, कानाला सांगून भागत नाही. पुढे रुंद वरंबा-सरी पद्धतीचे पेरणी यंत्र शेजारच्या मोकळ्या रानात चालवून दाखविले. अखेरीस मळणी यंत्र. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमच्या फेऱ्या मिनिटास ३५० ते ४०० च्या आसपास राखाव्यात, हे तेथे यंत्र चालू ठेवून दाखविले. पुढच्या वर्षीच्या उगवणीचे भवितव्य मळणीच्या वेळीच ठरत असते.

प्रत्येक ठिकाणी बोलावयास एक शेतकरी उभा होता, ज्याने ते काम आपल्या शेतात केले आहे. अधिकारी मागे उभे राहिले. माझ्या पदवीपेक्षा शेजारच्या गावच्या माणसाचा अनुभव अधिक वजनदार ठरतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

विक्रीची दालने आणि सरकारचे नाव

यावर काही सहकारी म्हणतील की, दालनांच्या भाड्यावाचून प्रदर्शनाचा खर्च निघत नाही. विक्रेत्यांना नाराज करून कसे चालेल? हा आक्षेप खोटा नाही. भाडे जरूर घ्यावे. परंतु भाडे घेतले म्हणजे आपण जागा दिली, विश्वास विकला नाही, हे स्पष्ट असावे.

त्यासाठी नवे नियम करावयास नकोत. आहेत तेच पाळावेत. बियाणे, खते व कीटकनाशके यांच्या विक्रीचा परवाना ठरावीक जागेपुरता असतो. दुकानाचा परवाना मांडवात चालत नाही. ज्यांना टॉनिक म्हणतात अशी जैव-उत्तेजकेसुद्धा २०२१ पासून खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली आहेत. तेव्हा दालन देण्यापूर्वी कागदपत्रे तपासावीत, व मालाच्या वेष्टनावर घटक व त्यांचे प्रमाण छापलेले नसेल, तर तो माल मांडवात येऊ देऊ नये. प्रवेशद्वारापाशी ठळक अक्षरांत लिहावे की, येथे दालन असणे म्हणजे शासनाची शिफारस नव्हे. पक्की पावती घेतल्यावाचून काहीही घेऊ नये.

शेतकरी बंधूंनाही माझे सांगणे आहे. माळेगावच्या यात्रेत आपण बैल घेता, तेव्हा त्याचे दात पाहता, त्याला चालवून पाहता, खांद्यावर हात फिरविता. मालकाचे गोड बोलणे ऐकून कोणी दावे हातात घेत नाही. मग बाटलीच्या बाबतीतच आपण दात पाहावयाचे का विसरतो? घटक काय, प्रमाण किती, कोणत्या विद्यापीठाने कोणत्या पिकावर शिफारस केली, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर पुढे चालावे.

वेळ, सावली आणि भगिनींची सोय

उगवणीचा विषय मे महिन्यातच घ्यावा लागतो आणि मराठवाड्यातील मे म्हणजे काय, हे सांगावयास नको. आम्ही सकाळी ७ ते ११ व सायंकाळी ४ ते ८ अशी वेळ ठेवली. दुपारी मांडव बंद. पिण्याचे पाणी प्रत्येक रांगेच्या टोकाशी, प्राथमिक उपचाराची सोय, विजेच्या तारांची आदल्या दिवशी तपासणी आणि वाळूच्या बादल्या, या गोष्टी अहवालात कधी दिसत नाहीत. पण त्यांपैकी एक जरी चुकली, तरी बाकी सर्व व्यर्थ जाते.

एका बाबतीत मात्र सर्वांनीच अधिक लक्ष द्यावयास हवे. घरात बियाणे निवडते, वाळविते आणि सांभाळते ती बहुधा घरची बाई. आणि प्रदर्शनास येतो तो घरचा पुरुष. ज्यांच्या हातात काम आहे, त्यांनाच आपण बोलावीत नाही. बचत गटांमार्फत बोलावणे, गावातून टेम्पोची सोय, स्वतंत्र स्वच्छतागृह आणि सायंकाळच्या स्वयंपाकापूर्वी घरी पोहोचविण्याची हमी, एवढे केले तेव्हा भगिनी मोठ्या संख्येने आल्या. चाचणीच्या दालनात सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले.

आमची चूक

येथवर वाचून कोणास वाटेल की सर्व काही व्यवस्थित पार पडले. तसे नाही. दुसऱ्या दिवशी एका तरुण शेतकऱ्याने आपल्या क्रमांकाची गुंडाळी उघडविली. शंभरांपैकी अठ्ठेचाळीस कोंब निघाले. हेच बियाणे तो चार एकरांत पेरणार होता. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग त्याने विचारले, "आता चांगलं बी कुठून आणू?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या वीस दालनांपैकी एकाही दालनात नव्हते. दोष दाखविण्याची सिद्धता आम्ही केली होती, उपायाची केली नव्हती. सुदैवाने त्याच मांडवात ८२ टक्के उगवण आलेला एक शेतकरी होता. आणि त्याच्याकडे स्वतःच्या गरजेपेक्षा अधिक बियाणे होते. दोघांची गाठ आम्ही घालून दिली व व्यवहार झाला. शेतकऱ्याने आपल्या शेतातील बियाणे ठेवणे, दुसऱ्यास देणे वा कंपनीच्या नावाने वेष्टन न करता विकणे, हा अधिकार पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ ने मान्य केला आहे. सोयाबीनचे पीक स्वपरागित असल्याने घरचे बियाणे योग्य निगा राखून पुन्हा पेरता येते. हे सर्व मला ठाऊक असूनही, ज्यांच्याकडे चांगले बियाणे आहे त्यांची यादी लावावी हे सुचले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, मांडव बंद असताना, ती पाटी आम्ही लिहून काढली. ती पहिल्या दिवशीच हवी होती. प्रदर्शन भरविणाऱ्यांनी आमच्या या चुकीपासून बोध घ्यावा, म्हणून हे लिहिले.

मांडव उतरल्यावर

प्रदर्शनाच्या दिवसांतही पुष्कळांनी पुड्या आणून दिल्या. त्यांचे निकाल मांडव उतरल्यानंतरच लागणार होते. त्यामुळे गावपातळीवरील सहकाऱ्यांना ते निकाल घेऊन त्या त्या घरी जावेच लागले. प्रदर्शनानंतर शेतकऱ्यांच्या भेटी घ्याव्यात असे परिपत्रकात लिहून जे होत नाही, ते शंभर दाण्यांच्या पुडीने करविले. निकाल सांगावयास गेलेला माणसाने एकरी प्रमाणाचा हिशेब सांगितला, बीजप्रक्रियेची आठवण दिली, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नका हेही बजावले. प्रदर्शनाचे खरे दालन त्या त्या घराच्या ओसरीवर उघडले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. अहवालातील जुने तीन रकाने राहू द्यावेत. त्यांच्यापुढे आणखी तीन जोडावेत. किती शेतकऱ्यांचा प्रश्न प्रदर्शनात प्रत्यक्ष तपासला? त्यांपैकी किती जणांच्या घरी आपण पुन्हा गेलो? आणि किती जणांनी आपल्या शेतात काही बदल केला? हे रकाने भरावयास मृगाचा पाऊस पडून पेरण्या होईपर्यंत थांबावे लागेल. अहवाल उशिरा जाईल. जाऊ द्यावा.

गव्हाची ती बाटली मी कचेरीतील कपाटात ठेवली आहे. नव्या प्रदर्शनाची पहिली बैठक बसते, तेव्हा ती मी मेजावर ठेवतो.